तिकडे मार्च नसतो

रविवारी दुपारी अडीच वाजता सुनेने जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं आणि त्यावर सात छापील पानं, दोन पेन्सिली आणि एक लाकडी पट्टी मांडली. पानं तिच्याच लेखाची होती. छापण्याआधीची शेवटची तपासणी करून ती सोमवारी बारापर्यंत परत पाठवायची होती. लेखात एका दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा नवा ग्रह जाहीर केलेला होता. तीन आठवड्यांपूर्वी लेखाचा कच्चा मसुदा सगळ्यांना वाचता येईल असा इंटरनेटवर ठेवला होता आणि त्यावर परगावच्या दोन गटांकडून अभिनंदनाची पत्रंही आली होती.

येत्या शुक्रवारी तिची मुलाखत होती. संस्थेत एकच कायम जागा निघाली होती. तिच्या तीन वर्षांच्या कराराचे चार महिने उरले होते आणि अर्जाच्या पहिल्या ओळीत हाच ग्रह होता. दुसऱ्या ओळीत लिहिण्यासारखं तिच्याकडे फारसं काही नव्हतं.

लेखातले आकडे तपासायची तिची एक पद्धत होती. एकाने छापील तक्ता मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने मूळ नोंदींवर खुणा करायच्या. एकट्याने तपासलं की डोळा जे असायला हवं तेच वाचतो. मागच्या लेखाच्या वेळी वाचायला नवरा बसला होता. त्याने घाईत दोन ओळी गाळल्या होत्या आणि वर, "सरासरीत काय फरक पडतो?" असं विचारलं होतं. त्यामुळे या वेळी त्याला इस्त्रीवर बसवलं होतं.

"आई, तुम्ही वाचाल का? नुसते आकडे आहेत."

"नुसते आकडे असतील तर वाचते," सासूबाई म्हणाल्या. "मजकूर असता तर झोप लागली असती."

पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. नवा चष्मा आल्यापासून त्या दिसेल ते वाचत होत्या. औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं झाली, लिफ्टमधली सूचना झाली, गॅसच्या शेगडीची हमीपत्रिकाही झाली. त्याआधी एकतीस वर्षं त्यांनी बॉयलरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात टाइमकीपरचं काम केलं होतं. गेटशेजारच्या खिडकीत बसून कोण किती वाजता आत आलं ते लिहायचं. वेळेवर आलेल्याची नोंद निळी, उशिरा आलेल्याची लाल. कारखान्यात त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. सगळे 'लाल पेन' म्हणत, अर्थात माघारी.

"आधी मला सांग, मी काय वाचतेय," त्या म्हणाल्या. "न कळता वाचलं तर पोपटात आणि माझ्यात फरक काय?"

सुनेने सांगितलं. एक तारा आहे. तो बाराही महिने दिसतो. दर अकरा दिवस आणि काही तासांनी त्याचा उजेड शंभरातला एक भाग कमी होतो, तीन तास तसाच राहतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. म्हणजे त्याच्यासमोरून एक ग्रह जातो. हा पहिला ग्रह सहा वर्षांपूर्वीच दुसऱ्या कोणाला तरी सापडलेला आहे.

"त्या ग्रहाचं तोंड बघितलंय कोणी?"

"नाही. तो ताऱ्यासमोरून गेला, एवढीच नोंद."

"म्हणजे माझ्यासारखंच. हजारभर माणसांची चाल मला ठाऊक होती, तोंडं निम्म्यांचीही नाहीत. बरं, मग तुझा कुठला?"

"माझा दुसरा. तो समोरून जात नाही, जरा वरून जातो. म्हणून त्याची सावली पडत नाही. पण तो पहिल्याला ओढतो. त्यामुळे पहिला कधी पाच मिनिटं उशिरा येतो, कधी पाच मिनिटं लवकर. त्या उशिरावरून मी दुसऱ्याचा हिशेब लावला. तो तेवीस दिवसांत एक फेरी मारतो."

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे एक जण गेटवर कधीच येत नाही, आणि त्याच्यापायी दुसऱ्याला उशीर होतो."

"अगदी तसंच."

"अशांची कमी नव्हती आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "तुझे सासरे त्यातलेच. मी त्यांची वाट बघत थांबायचे आणि स्वतःच्याच नावापुढे लाल लिहायचे."

त्यांनी पट्टी पहिल्या ओळीखाली लावली आणि वाचायला सुरुवात केली. आवाज सपाट होता, प्रत्येक आकडा सुटा. तारीख आणि ठरल्या वेळेपासूनचा फरक, मिनिटांत. चार मार्च, अधिक पाच पूर्णांक दोन. पंधरा मार्च, अधिक पाच पूर्णांक एक. तेरा जून, उणे शून्य पूर्णांक तीन. दहा सप्टेंबर, उणे पाच पूर्णांक दोन. सून मूळ नोंदीवर एकेक खूण करत गेली. दोन वर्षांतल्या एकतीस नोंदी होत्या, वेगवेगळ्या ठिकाणच्या दुर्बिणींनी घेतलेल्या. मागे इस्त्रीची वाफ सुटत होती.

विसाव्या ओळीवर पट्टी थांबली. सासूबाईंनी मागचं पान उलटलं आणि पुन्हा पहिल्या ओळीवर गेल्या.

"काय झालं? आकडा चुकलाय?"

"आकडा बरोबर आहे. हा मार्चात उशिरा येतो."

"कोण?"

"तुझा तो, अकरा दिवसांवाला. मार्चात पाच मिनिटं उशीर. जूनमध्ये वेळेवर. सप्टेंबरात पाच मिनिटं लवकर. डिसेंबरात पुन्हा वेळेवर. पुढच्या वर्षी आठ मार्चला बघ, पुन्हा पाच मिनिटं उशीर. आता खालच्या ओळीत सप्टेंबर आला, तर मी न बघता सांगते."

"त्याला दुसरा ओढतो म्हणून, आई. मघाशी सांगितलं ना?"

"ते कळलं गं. पण ओढणारा तिकडचा ना?" सासूबाईंनी पेन्सिलीचं टोक तारखांच्या रकान्यावर ठेवलं. "तिकडे पण मार्च असतो का?"

नवरा हसला. सून हसली नाही.

तिने पेन्सिल खाली ठेवली, तक्ता स्वतःकडे ओढला आणि तारखांच्या रकान्यावरून बोट फिरवलं. गेले पंधरा महिने तिने या वेळांचे आलेख काढले होते, पण ते तारखांवर काढलेले नव्हते. खालच्या अक्षावर फेरीचा क्रमांक असायचा. शून्य, एक, सतरा, तेहतीस. तसा रिवाजच होता. उत्तरात अकरा दिवस होते आणि तेवीस दिवस होते. तीनशे पासष्ट हा आकडा लेखात कुठेच नव्हता. आता तिने पानाच्या कडेला भागाकार केला. अकरा दिवसांचा आणि तेवीस दिवसांचा ग्रह मिळून जी ओढाताण करतात, तिचं एक आवर्तन किती दिवसांचं? उत्तर आलं तीनशे पासष्ट.

परक्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाला आपलं वर्ष माहीत असायचं काहीच कारण नव्हतं.

"पृथ्वी," ती म्हणाली.

"काय?"

"आपण सूर्याभोवती फिरतो ना, आई. वर्षातून एकदा त्या ताऱ्याच्या थोडे जवळ असतो, सहा महिन्यांनी थोडे लांब. जवळ असलो की त्याचा उजेड पाच मिनिटं आधी पोचतो, लांब असलो की पाच मिनिटं उशिरा. म्हणून सगळ्या वेळा आधी दुरुस्त करून घ्यायच्या असतात. आपण सूर्यावर बसून बघतोय असं धरायचं."

"मग ते राहून गेलं?"

"नाही!" ती जवळजवळ ओरडली. "तेच तर. मी केलंय. तीनदा तपासलंय." तिने लॅपटॉप उघडला, प्रोग्रॅममधली ती ओळ काढली आणि सासूबाईंसमोर धरली, जणू काही त्यांना ती वाचता येणार होती. "ही बघा. दुरुस्ती इथे होते." तिने लॅपटॉप खाली ठेवला. "म्हणजे योगायोग असेल. विचित्र आहे, पण असू शकतो."

सासूबाईंनी ओळ बघितली, मान हलवली आणि चष्मा काढून पदराने पुसला.

"तू केलंस हे कळलं. तुझ्या आधी कोणी केलं होतं का?"

सुनेने लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे वळवला.

"आमच्या गेटवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे पडायचं," सासूबाई म्हणाल्या. "एका सोमवारी मी लवकर जाऊन ते दहा मिनिटं पुढे केलं. पण रात्रपाळीचा टाइमकीपर माझ्याहून काटेकोर. त्याने पहाटेच दहा मिनिटं पुढे करून ठेवलं होतं. मी मनगटावरचं बघितलंच नाही. मागे आहे हे माहीत होतं ना! दोनशे बारा माणसं लाल झाली त्या दिवशी. आमच्या दोघांपैकी एकाने कामचुकारपणा केला असता, तर काही झालं नसतं."

इस्त्री थांबली होती.

वेळा जमा करणारं एक केंद्र होतं. ठिकठिकाणच्या दुर्बिणींच्या नोंदी तिथे येत आणि तिथून फाइल उतरवून घ्यायची. फाइलच्या डोक्यावर अकरा ओळींची प्रस्तावना असे. ती कोणी वाचत नसे, कारण ती नेहमी सारखीच असे. सुनेने नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ती मन लावून वाचली होती. तेव्हा तिथे लिहिलं होतं की वेळा जशा नोंदल्या तशाच दिल्या आहेत. त्यानंतर तिने कधी वाचली नव्हती. आता वाचली. नववी ओळ बदललेली होती. अडीच वर्षांपूर्वीपासून केंद्राने सगळ्या वेळा सूर्याच्या हिशेबाने दुरुस्त करून द्यायला सुरुवात केली होती, वापरणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून.

तिने स्वतःची दुरुस्ती बंद केली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. त्याला वीस मिनिटं लागत. या वीस मिनिटांत सासूबाईंनी चहा केला आणि नवऱ्याने तीन शर्ट घडी करून ठेवले. मग पडद्यावर आलेख आला. ज्या ठिकाणी दोन सुरेख लाटा होत्या, तिथे एकतीस ठिपके शून्याच्या रेघेवर ओळीने बसले होते. सगळ्यात वाईट ठिपका अर्ध्या मिनिटाने चुकला होता.

दुसरा ग्रह नव्हता. पंधरा महिने ती ज्या ग्रहाच्या मागावर होती, त्याच ग्रहावर तिचं जेवणाचं टेबल ठेवलेलं होतं.

"शुक्रवारनंतर कळवलं तर?" नवरा हळूच म्हणाला. "म्हणजे मी खोटं बोल म्हणत नाही. लेख छापून यायला दोन आठवडे आहेत. तू आज वाचलं नसतंस तर कुठे कळलं असतं? पाच दिवसांचा तर प्रश्न."

"नाहीतरी चुकीचं छापून येण्याआधी थांबवणारच ना तू," तो पुन्हा म्हणाला.

सुनेने लगेच नाही म्हटलं नाही. ती उठली, कप धुऊन आली, पुन्हा बसली. चार महिन्यांनंतरचं घरभाडं, दुसऱ्या शहरातला एखादा करार, पुन्हा सामानाची खोकी. सगळं तिला या टेबलावरून दिसत होतं.

"तुम्ही काय केलंत, त्या दोनशे बारांचं?" तिने सासूबाईंना विचारलं.

"काय करणार? खोडलं. पण आमच्याकडे खोडायची रीत होती. खोडरबर चालायचं नाही, नवीन पान लिहायचं नाही. चुकीच्या नोंदीवर एक रेघ मारायची, खालचं दिसेल अशी. वर खरं लिहायचं. बाजूला सही आणि तारीख. दोनशे बारा सह्या केल्या मी. हात सुजला होता. एक वेल्डर होता, एकोणीस वर्षांत एकदाही लाल नाही. तो खिडकीशी उभा राहिला आणि माझी सही होईपर्यंत हलला नाही." त्यांनी टेबलावरची पट्टी सरळ केली. "आणि माझी त्या वर्षीची पगारवाढ गेली. तेही सांगून ठेवते. नाहीतर म्हणशील, सासूने नुसता उपदेश केला."

"शुक्रवारी शंभरटक्के मला विचारणार," सून म्हणाली. "मग मी कुठे बघू?"

शंभरटक्के म्हणजे तिचे विभागप्रमुख. कोणी कसलाही निष्कर्ष घेऊन गेलं की ते चष्म्यावरून बघत "शंभर टक्के?" एवढंच विचारत. जो "हो" म्हणेल, त्याला ते परत पाठवत. शास्त्रात शंभर टक्के काही नसतं, हे ज्याला कळलं नाही त्याने अजून आठवडाभर हिशेब तपासावेत, असं त्यांचं मत होतं. पंधरा महिन्यांत ती सहा वेळा परत गेली होती. सातव्या वेळी "नव्याण्णव पूर्णांक नऊ" म्हणाली, तेव्हा त्यांनी सही केली.

सोमवारी सकाळी सव्वानऊला ती त्यांच्या खोलीत गेली. खोलीत पुस्तकांपेक्षा जुने कीबोर्ड जास्त होते. तिने दोन आलेख टेबलावर ठेवले, लेखातला आणि कालचा.

"सर, दुसरा ग्रह नाही. वेळांची दुरुस्ती दोनदा झालीय. एकदा केंद्राने केली, एकदा मी."

त्यांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले. मग सवयीने म्हणाले, "शंभर टक्के?"

"हो, सर. शंभर टक्के."

या वेळी त्यांनी तिला परत पाठवलं नाही. त्यांनी चष्मा काढला.

"या लेखावर माझंही नाव आहे," ते म्हणाले. "नववी ओळ मीही वाचली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वळसाही किती प्रकाशवर्षांचा! कोणाच्या लक्षात आलं?"

"सासूबाईंच्या."

"त्या खगोलशास्त्रात आहेत?"

"टाइमकीपर होत्या. कारखान्यात."

"हं." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "शुक्रवारचं तुला कळतंय ना? समितीतल्या इतर चौघांनी तुझा अर्ज वाचलाय, पहिली ओळ तरी."

"कळतंय."

"मी मत देऊ शकतो, ग्रह देऊ शकत नाही."

"ग्रह मागायला आले नाही, सर. बाराच्या आत संपादकांना कळवायचंय, त्यावर तुमची सही हवीय."

त्यांनी सही केली.

शुक्रवारच्या मुलाखतीला ती पहिली ओळ कापलेला अर्ज घेऊन गेली. ओळ तिने काढून टाकली नव्हती. तिच्यावर रेघ होती आणि बाजूला तारीख व सही. समितीतल्या एका बाईंना वाटलं, छपाईत काहीतरी बिघडलंय. मुलाखत वीस मिनिटं ठरली होती, ती पंचावन्न मिनिटं चालली आणि त्यातली चाळीस मिनिटं नवव्या ओळीवर गेली. त्या केंद्राच्या फाइली समितीतले आणखी दोघे वापरत होते. बाहेर पडताना त्यातला एक जण कॉरिडॉरमध्येच फोनवर कोणाला तरी, "आधी प्रस्तावना उघड, मग बोल," असं सांगत होता.

जागा तिला मिळाली नाही. ती मिळाली शेजारच्या खोलीतल्या मुलाला. त्याचे तीन ग्रह होते आणि तिन्ही जागच्या जागी होते. तिला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. काम होतं केंद्राकडच्या सत्तेचाळीस ताऱ्यांच्या वेळा पहिल्यापासून तपासायचं, कोणाची दुरुस्ती किती वेळा झालीय ते बघायचं. नवरा म्हणाला, "म्हणजे तुला हजेरीपटावर बसवलंय." ती म्हणाली, "हो." यात टोमणा होता की नाही, हे दोघांनीही नीट ठरवलं नाही. सामानाची खोकी माळ्यावरच राहिली.

पुढच्या रविवारी टेबल पुन्हा पुसलं गेलं. या वेळी दोनच पानं होती. मसुद्याच्या जागी लावायचं दुरुस्तीपत्र आणि नवा तक्ता. दुरुस्तीपत्राच्या सुरुवातीला सुनेने खेदाचं एक लांब वाक्य लिहिलं होतं. सासूबाईंनी ते वाचलं आणि पट्टीने झाकलं.

"हे कशाला? कोणी, काय, केव्हा. बास. वाचणाऱ्याला तुझं रडणं नको, खरी वेळ हवी."

वाक्य गेलं. आभारांच्या ओळीत सुनेने 'एका कुटुंबीयाच्या निरीक्षणामुळे' असं लिहिलं होतं, त्यालाही त्यांनी हरकत घेतली.

"कुटुंबीय म्हणजे कोण? तोही कुटुंबीयच आहे," त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं. "निवृत्त टाइमकीपर लिही. हुद्दा होता माझा."

मग त्यांनी पट्टी पहिल्या ओळीखाली लावली. चार मार्च, अधिक शून्य पूर्णांक दोन. पंधरा मार्च, उणे शून्य पूर्णांक एक. आवाज तसाच सपाट, प्रत्येक आकडा सुटा. सून खुणा करत गेली. एकतीस ओळी वाचून झाल्यावर सासूबाईंनी पट्टी बाजूला ठेवली.

"सुधारला की हा."

"तो पहिल्यापासून वेळेवरच होता, आई."

सासूबाईंनी पान पुन्हा हातात घेतलं आणि वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवली, जशी पाळी संपताना हजेरीपटावरून फिरवत असतील तशी.

"एकसुद्धा लाल नाही," त्या म्हणाल्या. "आणि हा तरी आहे ना नक्की? की हाही आपल्यातलाच कोणी निघायचा?"

सुनेने लॅपटॉप पुढे ओढला, पहिल्या ग्रहाची सहा वर्षांपूर्वीची मूळ फाइल शोधून काढली आणि तिच्या डोक्यावरची प्रस्तावना पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.

सासूबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "मोठ्याने वाच," त्या म्हणाल्या. "आता खुणा मी करते."